हंगामी कामगार, बारमाही पोट!

१९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने परदेशी कापसावरील अकरा टक्के आयातशुल्क उठवले. प्रथम ही सवलत ३० सप्टेंबरपर्यंतच होती. पुढे ती ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे वऱ्हाडातला नवा कापूस बाजारात येण्याच्या ऐन दिवसांत, वाढवण्यात आली. त्याच ऑगस्टच्या २७ तारखेपासून अमेरिकेने कापडासह अनेक भारतीय मालांवरील जकात ५० टक्क्यांवर नेली होती. कापडधंद्याला स्वस्त कच्चा माल मिळवून देऊन तो तडाखा थोडा सुसह्य करावा, हा सरकारचा हेतू होता, आणि त्या हेतूविषयी आम्हास शंका घ्यावयाची नाही. गिरणीवाल्यांनी निर्णयाचे स्वागत केले, शेतकऱ्यांच्या संघटनांनी त्याचा निषेध केला. दोन्ही बाजूंची निवेदने वर्तमानपत्रांतून आली, आणि ती यावयासच हवी होती. परंतु या वादात एक तिसरा पक्षही होता, आणि त्याचे नाव क्वचितच कोणाच्या तोंडी आले. तो पक्ष म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून रुईची गाठ बांधणारा, जिनिंग-प्रेसिंगमधला कामगार.

परदेशातून जो कापूस येतो तो सरकीसह येत नाही. तो तिकडेच लोढलेला, दाबलेला आणि गाठीत आवळलेला असा येतो. ती गाठ गिरणीच्या दारात उतरली आणि तिने देशी गाठीची जागा घेतली, तर तेवढी रुई येथे लोढण्याचे व दाबण्याचे काम नाहीसे होते. हा हिशेब समजावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. शेतकऱ्याला निदान कागदावर तरी आधार आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला, आणि तो देण्याची जबाबदारी भारतीय कापूस महामंडळावर आली. गिरणीला शुल्कमाफीचा आधार मिळाला. कामगाराच्या मजुरीला मात्र हमीभाव नाही आणि माफीही नाही. महामंडळाने खरेदी केलेला कापूसही येथल्याच जीनमध्ये लोढला जातो हे खरे आहे. म्हणून अशा प्रत्येक सवलतीने कामगार उघडा पडेलच असा आमचा दावा नाही. परंतु ज्या वर्षी तो पडेल त्या वर्षी त्याने कोणाच्या दारात जावयाचे, आणि त्या दारावर त्याला पात्र म्हणून आत घेतले जाईल काय, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न खामगावच्या संदर्भात विचारण्यास सबळ कारण आहे. आज या गावाची ख्याती चांदीच्या बाजारपेठेमुळे ‘रजतनगरी’ म्हणून असली, तरी त्याची थोरवी उभी राहिली ती कापसावर. सुमारे १८२० साली काही व्यापाऱ्यांनी येथे दुकाने मांडली तेव्हा ते तूप, सूत आणि थोडाफार कापूस यांचा व्यवहार करीत, असे जुने गॅझेटियर सांगते. तूप, सूत आणि थोडा कापूस! या यादीतला दुसरा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्या काळी येथे सूत विकले जात होते, याचा अर्थ ते कातणारे हात होते, आणि त्या सुताचे कापड विणणारे कोष्टी, साळी, महार आणि मोमीन विणकर वऱ्हाडच्या गावोगाव होते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेस पोचेनासा झाला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. कापसाच्या भावाने आकाश गाठले. युद्ध १८६५ साली संपले, तरी वऱ्हाडचा कापूस विलायतेच्या ताळेबंदात कायमचा जाऊन बसला. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंतचा रेल्वेचा फाटा सुरू झाला. अवघ्या तेरा किलोमीटरांच्या या फाट्याचे उद्घाटन करावयास स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्या चिमुकल्या लोहमार्गासाठी एवढा मोठा पाहुणा का आला, हे कळण्यासाठी त्या वेळचे वऱ्हाड व मध्यप्रांताचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांचा त्याच सुमाराचा अहवाल पाहावा. कापूसपट्ट्यात रेल्वेचा फाटा नेला तर विलायती कापड तेथे देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, असे त्यांनी त्यात मांडले होते. त्यामुळे आज सुतासाठी खर्ची पडणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली मोठी लोकसंख्या शेतमजुरीसाठी उपलब्ध होऊन रान मोडून लागवड वाढेल, असा त्यांचा हिशेब होता.

‘उपलब्ध होईल!’ माणसाचा धंदा जाणे याला सरकारी भाषेत इतके सोज्वळ नाव क्वचितच मिळाले असेल. या अहवालात लपवाछपवी नव्हती. विणकर बेकार होणे हा या धोरणाचा नकळत घडलेला दुष्परिणाम नव्हता, तो त्या योजनेचा एक भागच होता. रेल्वेने कापूस नेला आणि परतीच्या फेरीत कापड आणले. पंचवीस वर्षांचा विणकर कदाचित शेतात राबू लागला असेल, परंतु ज्याची बोटे चाळीस वर्षे धोट्याला सरावली होती, ज्याचे डोळे अधू झाले होते आणि ज्याच्या कमरेला नांगराची सवय नव्हती, त्या म्हाताऱ्या विणकराचे काय झाले? त्याच्यासाठी त्या अहवालात रकाना नव्हता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालांचे दुष्काळ आले तेव्हा घरात धान्य नाही, हातात धंदा नाही आणि विकत घेण्यास पैसा नाही, अशी जी माणसे प्रथम कोसळली त्यांत मजूर आणि बुडालेले कारागीर होते. सरकारने दुष्काळी कामे काढली, आणि ‘पात्रता’ हा शब्द आपल्या लोकांच्या नशिबी आला तो बहुधा तेथेच. खडी फोडण्यास जो तयार तो खरा गरजू, अशी ती कसोटी होती. विणकराला त्याच्याच धंद्यात काम द्यावे की खडी फोडावयास पाठवावे, याची चर्चा त्या काळच्या सरकारी दप्तरांतही झाली होती.

हा इतिहास आम्ही परकीय सत्तेच्या नावाने बोटे मोडण्यासाठी उगाळलेला नाही. ती सत्ता १९४७ साली गेली. १८७० चा व्हाइसरॉय आणि आजचे लोकनियुक्त सरकार यांना एका तागडीत तोलणे अन्यायाचे होईल, आणि ते आम्ही करणार नाही. परंतु म्हणूनच आमची अपेक्षा मोठी आहे. कापूस आयुक्तांच्या अहवालात जो रकाना नव्हता, तो स्वतंत्र भारताच्या कायद्यात तरी असावा की नाही? तो आहे काय, हे आता पाहू.

समजा, खामगावच्या एका जीनमध्ये पंचावन्न वर्षांचा एक कामगार आहे. वीस-पंचवीस हंगाम त्याने कापूस लोढण्यात घालवले आहेत. दिवाळीच्या आगेमागे काम सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ते थंडावते. त्याचे नाव पुष्कळदा मालकाच्या हजेरीपटावर नसते, ते ठेकेदाराच्या वहीत असते. एका वर्षी बाहेरची रुई स्वस्त होते, जीन निम्म्या क्षमतेने चालते, आणि त्याला बोलावणे येत नाही. त्याला कोणी ‘काढले’ असेही नाही. त्याला फक्त बोलावले गेले नाही. आता तो हक्काच्या शोधात निघतो.

प्रथम तो कामगारकपातीच्या नुकसानभरपाईकडे जातो. कायदा म्हणतो, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातले हे तत्त्व २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. परंतु वर्षभराची अखंड सेवा मोजण्याचे माप आहे बारा महिन्यांत २४० दिवसांचे. जीन सहा महिने एकही सुटी न घेता चालले, तरी भरतात १८० दिवस. म्हणजे या कामगाराने कितीही घाम गाळला, तरी कायद्याचे माप भरणे त्याच्या हातात नाही. ते पंचांगाच्याच हातात आहे! नव्या संहितेने कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मालकाकडून घेऊन त्याच्या खात्यात भरण्याची सोय केली आहे. सोय चांगली आहे. तथापि तीसुद्धा ज्याची रीतसर ‘कपात’ झाली त्याच्यासाठी आहे, आणि ज्याला नुसते बोलावले नाही त्याची कपात झाली हे सिद्ध कोण करणार?

मग तो कामगार राज्य विमा योजनेकडे वळतो. २००५ साली सुरू झालेल्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कारखाना बंद पडल्याने वा कपातीने बेकार झालेल्या विमाधारकास बेकारी भत्त्याची तरतूद करण्यात आली. २०१८ च्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत जास्तीत जास्त ९० दिवसांचा भत्ता ठेवला गेला, आणि २०२० साली त्याचे प्रमाण वेतनाच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के करण्यात आले. हीच ती मदत, असे आमच्या कामगाराला वाटेल. परंतु हा विमा हंगामी कारखान्यांना लागूच नाही. हंगामी कारखाना म्हणजे काय, याची व्याख्या १९४८ च्या कायद्यात दिली आहे, आणि त्या यादीत पहिले नाव कोणाचे असावे? कापूस लोढण्याचे! त्यापाठोपाठ कापूस व ताग दाबणे, भुईमूग फोडणे, आणि मग चहा, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांना या छत्राबाहेरच ठेवले आहे. ज्या धंद्यावर खामगाव उभे राहिले, त्या धंद्याचे नाव कायद्यात शोधावयास जावे तर ते वगळलेल्यांच्या यादीत अग्रभागी सापडते, हे पाहून हसावे की रडावे?

उपदान तरी त्याला मिळेल काय? येथे कायदा किंचित उदार आहे. हंगाम ज्या दिवसांत चालू होता त्यांपैकी पाऊणशे टक्के दिवस काम केले असेल तर ती अखंड सेवा धरावी, असे तो म्हणतो. मात्र इतरांना वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते, तर हंगामी कामगाराला हंगामामागे सात दिवसांचे. शिवाय ठेकेदाराची वही हरवली की तेही गेले.

हक्काचे दरवाजे असे बंद झाले, आता दयेचे दरवाजे पाहू. येथे त्याचे वय आडवे येते. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. तिच्यासाठी वय १८ ते ३५. केंद्राने असंघटित कामगारांसाठी २०१९ साली श्रमयोगी मानधन योजना काढली, आणि साठीनंतर महिना तीन हजार रुपयांचे आश्वासन दिले. तिच्यात शिरण्याचे वय १८ ते ४०. दुसऱ्या टोकाला श्रावणबाळ योजना आहे, तिचे दार पासष्टीला उघडते. संजय गांधी निराधार योजना आहे, परंतु ती निराधारांची आहे, आणि या दोन्ही योजनांना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१ हजार रुपयांची मर्यादा वर्षानुवर्षे चिकटून राहिली. २१ हजारांना बाराने भागले की महिन्याला १,७५० रुपये येतात. एखाद्या घरातली सून दोन ठिकाणी धुणीभांडी करू लागली, तरी सासरा अपात्र ठरावा अशी ही मर्यादा आहे. थोडक्यात म्हणजे, चाळिशी ओलांडली की माणूस शिकण्यास म्हातारा ठरतो आणि पासष्टीपर्यंत निवृत्तिवेतनास तरुण राहतो. या मधल्या पंचवीस वर्षांत मुलीची लग्ने होतात, मुलांची शिक्षणे होतात, आईबापांची आजारपणे येतात. नेमक्या याच वर्षांत सरकारी यादीत त्या माणसाचे वय कोठेच बसत नाही.

ज्यांनी कायम नोकरी केली, भविष्यनिर्वाह निधीत दरमहा वर्गणी भरली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पात्रता मिळवली, त्यांचे तरी काय झाले? १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेचे किमान वेतन सप्टेंबर २०१४ मध्ये महिना एक हजार रुपये ठरवण्यात आले. ते साडेसात हजार करावे या मागणीसाठी आपल्याच जिल्ह्यात, बुलढाणा येथे, वृद्ध निवृत्त कामगारांनी डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषण मांडले. पात्र ठरलेल्यांची ही गत असेल, तर ज्याची पात्रतेच्या उंबरठ्यावरच वाट अडली त्याची कथा काय वर्णावी!

परदेशी व्यापारामुळे बेकार झालेल्या कामगाराला स्वतंत्र मदत देता येते, हा केवळ आमचा स्वप्नविलास नव्हे. ज्या अमेरिकेच्या जकातीने हा सारा गोंधळ माजला, त्या अमेरिकेनेच ही कल्पना अमलात आणली होती. १९६२ साली अध्यक्ष केनेडी यांच्या कारकिर्दीत व्यापारविस्ताराचा कायदा झाला. आयातीची दारे उघडण्याचा लाभ साऱ्या राष्ट्राला मिळणार असेल, तर त्याची किंमत मूठभर कामगारांनीच का मोजावी, हा त्यामागचा विचार होता. विचार उदात्त होता, परंतु पात्रतेची अट इतकी कडक ठेवली गेली की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही! सवलत दिल्यामुळे आयात वाढली आणि वाढलेली आयात हेच बेकारीचे मुख्य कारण आहे, असे कामगाराने सिद्ध करावयाचे होते. कापड विणणाऱ्याने किंवा काच घडवणाऱ्याने हे कसे सिद्ध करावे? १९७४ साली ही अट सैल करण्यात आली. आयातीचा बेकारीत महत्त्वाचा वाटा आहे एवढे दिसले तरी पुरे, असे ठरले. अर्ज तीन कामगारांनी मिळून करावयाचा, आणि आयातीची चौकशी सरकारच्या श्रमखात्याने करावयाची. कामगाराने आपले दुःख सांगावे आणि त्याचे कारण सरकारने शोधावे, ही वाटणी आम्हास न्यायाची वाटते.

वयस्क कामगारांच्या बाबतीत त्या देशाने २००२ साली आणखी एक पाऊल टाकले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला पुन्हा शाळेच्या बाकावर बसवण्याचा आग्रह सोडून, तो सव्वीस आठवड्यांत दुसऱ्या, कमी पगाराच्या कामाला लागला, तर जुन्या आणि नव्या पगारातील फरकाचा अर्धा भाग सरकारने दोन वर्षांपर्यंत भरून द्यावा, अशी ती योजना होती. वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या आतले उत्पन्न आणि दोन वर्षांत मिळून दहा हजार डॉलर ही तिची मर्यादा. तरुणाला प्रशिक्षण आणि प्रौढाला पगाराची टेकू, हा भेद करण्यात मोठे शहाणपण होते. पुढे संसदेने मुदतवाढ न दिल्याने १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर होणे बंद झाले. जकातीच्या भिंती उंच करणाऱ्या राष्ट्राने आपल्या कामगाराखालची चटई मात्र काढून घेतली. युरोपीय संघानेही २००६ साली असाच निधी स्थापला. तेथे प्रथम हजार कामगार बेकार झाले तरच मदत मिळे. पुढे हा आकडा पाचशेवर आला, आणि २०२१ साली दोनशेवर. यातही आमच्यासाठी धडा आहे. एकेका जीनमध्ये दोनशे माणसे कोठून आणावयाची? संख्येची अट घातलीच, तर ती एका कारखान्याला लावून चालणार नाही, ती साऱ्या बाजारपेठेला लावावी लागेल.

आपल्या देशातही असा प्रयत्न झालाच नाही असे नाही. आर्थिक उदारीकरण सुरू होताच फेब्रुवारी १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला. बेकार होणाऱ्यांना नवे शिक्षण, नवे काम आणि भरपाई देण्याचा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात त्यातला बराचसा पैसा केंद्र सरकारच्या उपक्रमांतील स्वेच्छानिवृत्तीवर गेला, आणि २००० साली निधीच गुंडाळण्यात आला. तो ज्याच्यासाठी असावयास हवा होता, त्या लहान खाजगी कारखान्यातल्या कामगारापर्यंत तो क्वचितच पोचला.

यावर काही शंका निघतील, आणि त्यांची उत्तरे देणे आमचे कर्तव्य आहे. पहिली शंका अशी की दुष्काळाने, यंत्राने, मालकाच्या दिवाळखोरीने बेकार झालेलेही दुःखीच असतात, मग व्यापाराने बेकार झालेल्याचेच लाड का? आमचे म्हणणे असे की मदत सर्वांनाच व्हावी, परंतु येथे एक विशेष आहे. पाऊस सरकारच्या सहीने थांबत नाही. आयातशुल्क मात्र सरकारच्या सहीने उठते. ज्या दिवशी अधिसूचनेवर सही होते, त्याच दिवशी तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडणार हे सरकारला ठाऊक असते. जेथे निर्णय जाणूनबुजून घेतला जातो, तेथे जबाबदारीही जाणूनबुजून घेतली पाहिजे.

दुसरी शंका पैशाची. तिचे उत्तर शुल्काच्या रचनेतच दडले आहे. २०२१ साली कापसावर बसवलेले हे अकरा टक्के शुल्क म्हणजे पाच टक्के मूळ शुल्क, पाच टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर, आणि या दहांवर दहा टक्के, म्हणजे एक टक्का, समाजकल्याण अधिभार. हा अधिभार २०१८ च्या अर्थसंकल्पात आला तो शिक्षण, आरोग्य आणि सामाजिक सुरक्षा यांसाठीच. आयात मालावर समाजकल्याणाच्या नावाने पैसा गोळा होतो. त्यातला एक अंश आयातीने ज्याचे काम गेले त्याच्या कल्याणास लागावा, ही मागणी अवाजवी कोण म्हणेल? आणि सरकार जेव्हा शुल्क माफ करते, तेव्हा माफीचा लाभ ज्या धंद्याला होतो त्याच्याकडून अल्पसा वाटा मागण्यासही हरकत नसावी.

तिसरी शंका प्रशासनाची. ज्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही त्याला ओळखावयाचे कसे? याचे उत्तर दिल्लीत शोधावयास नको, ते महाराष्ट्रानेच १९६९ साली दिले आहे. माथाडी कायद्याने आज या व्यापाऱ्याकडे तर उद्या त्या व्यापाऱ्याकडे ओझे वाहणाऱ्या, कोणाचाच नोकर नसलेल्या हमालाची मंडळाकडे नोंद केली, मालकांकडून लेव्ही घेतली, आणि त्यातून त्याला निधी, उपदान व रजा मिळवून दिली. याच महाराष्ट्राने १९७५ साली पगारदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसायकर बसवला तो रोजगार हमीसाठी. पांढरपेशा मध्यमवर्गाने आपल्या पगारातून ग्रामीण मजुराच्या हाताला काम दिले, ही या राज्याने देशाला शिकवलेली गोष्ट आहे. मात्र ती हमी खेड्यातल्या अकुशल अंगमेहनतीची होती. गावातल्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या पंचावन्न वर्षांच्या माणसाला तिचा उपयोग नाही. आमचा वाचक आजही दरमहा व्यवसायकर भरतो. त्या कराचे मूळ प्रयोजन त्याने विसरू नये, आणि सरकारलाही विसरू देऊ नये.

तेव्हा आमच्या मागण्या मोजक्या आणि स्पष्ट आहेत. हंगामी कारखान्यातील कामगाराला राज्य विम्याच्या बेकारी भत्त्याबाहेर ठेवणारी तरतूद रद्द करावी. त्याची सेवा २४० दिवसांच्या मापाने मोजू नये. उपदानाच्या कायद्यातले पाऊणशे टक्के दिवसांचे माप सर्वत्र लावावे. जिनिंग-प्रेसिंग कामगारांची, ठेकेदाराकडील असले तरी, बाजारपेठनिहाय नोंद माथाडी मंडळाच्या धर्तीवर करावी. आयातशुल्कात मोठा बदल झाल्यावर कोणत्याही तीन कामगारांनी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाकडे अर्ज केला, तर व्यापारामुळे काम घटले किंवा नाही याची चौकशी त्या कार्यालयाने ठरावीक मुदतीत करावी. सिद्ध करण्याचा बोजा कामगारावर टाकू नये. आणि पन्नाशी उलटलेल्यास दुसरे हलके काम मिळाले तर मजुरीतला निम्मा फरक, न मिळाले तर निवृत्तिवेतनाचे वय होईपर्यंत निर्वाहापुरती रक्कम, हक्क म्हणून द्यावी.

यांतील पहिल्या दोन गोष्टींना केंद्राचा कायदा बदलावा लागेल, हे आम्ही जाणतो. नोंदणीचे काम मात्र राज्य सरकारला या हंगामापासूनही हाती घेता येईल, आणि त्यासाठी कोणत्याही परदेशी कराराची वाट पाहण्याचे कारण नाही. आमदार-खासदारांनी कापसाच्या भावावर सभागृहात आवाज उठवावा, तो उठवलाच पाहिजे. परंतु तो उठवताना कापूस लोढणाराही आपला मतदार आहे, याचे स्मरण ठेवावे.

व्यापार बंद करा असे आम्ही म्हणत नाही. परदेशाशी देवघेव थांबवून कोणतेही राष्ट्र सधन झालेले नाही, आणि खामगावची पेठही परदेशी मागणीवरच मोठी झाली. आमचे म्हणणे इतकेच की देवघेवीच्या वहीत जमा लिहिताना खर्चाची बाजू कोरी सोडू नये. जलंब-खामगाव फाट्यावर दीडशे वर्षांहून अधिक काळ गाड्या येत-जात आहेत. पहिल्या गाडीने ज्यांचा धंदा नेला त्यांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत. या खेपेस ती लिहिली जावीत, आणि कामगार पंचावन्न वर्षांचा झाला म्हणून ‘अपात्र’ शेरा मारून कोणी त्याचा अर्ज परत पाठवू नये. त्याचे काम हंगामी असेल, परंतु त्याची भूक हंगामी नाही.